चिऱ्याच्या घरात मेश: किती डबे हा दुसरा प्रश्न

सर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर इथेच कळेल. गोव्यात प्रियोळला शंभरेक वर्षांचं वडिलोपार्जित घर. भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), मधे राजांगण म्हणजे मोकळा चौक, चारी बाजूंनी खोल्या. फायबर पुढच्या वसरीत (ओसरीत) येतो आणि नेटवाल्याचा डबा तिथेच टीव्हीमागे ठेवलाय. सूनबाई मागच्या, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीतून बंगळूरच्या ऑफिसचं काम करतात. तिथे स्पीड तीन-चार एमबीपीएस दाखवतो आणि मीटिंगमध्ये आवाज तुटतो. रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) लावून झाला, फरक शून्य. दुकानदार म्हणतो तीन डब्यांचा मेश घ्या, म्हणजे एकमेकांशी जोडलेले वायफायचे डबे. नेटवाला म्हणतो १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करा. पंचवीस मीटरवरचा जुना गोठा पाहुण्यांसाठी दुरुस्त केलाय, तिथेही नेट हवं. आणि हे सगळं चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या आधी.

गेली अठरा वर्षं फोंडा आणि डिचोलीच्या बाजूला घरांत, छोट्या हॉटेलांत नेटवर्किंगची कामं करतोय. तुमच्यासारखी घरं बरीच पाहिली, त्यांतल्या दोन-तीन घरांत मी स्वतः चुकलोही आहे. ते पुढे येईलच.

नेटवाल्याचा सल्ला आधी बाजूला करू. लॅपटॉपला लॅन केबल लावून थेट त्याच्या डब्यात जोडा, वायफाय बंद करा आणि स्पीड पाहा. ९० ते ९५ दाखवला तर १०० चा प्लॅन पूर्ण मिळतोय. तीनशे घेतलात तर वसरीत तीनशे येतील आणि मागच्या खोलीत तेच तीन-चार. ४० च दाखवला तर मात्र चूक बाहेरची आहे, मेश घेऊन ती सुटणार नाही. अशा वेळी डब्याच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, पाहायची. हा आकडा उणे असतो. उणे २० च्या आसपास असला तर उत्तम. उणे २७ च्या पलीकडे गेला की डब्याला प्रकाश नीट दिसतच नाही, पाऊस-वाऱ्यात लाल दिवा लागतो, नेट येतं-जातं. मग नेटवाल्याला बोलावून फायबरचा सांधा पुन्हा करून घ्यायचा, तो त्याचाच भाग आहे.

दुसरी तपासणी लोक करत नाहीत, पण तुमच्या बाबतीत तीच महत्त्वाची. चारजणांच्या व्हिडिओ मीटिंगला चार एमबीपीएसच्या आत-बाहेर पुरतं. म्हणजे कागदावर पाहिलं तर सूनबाईंचं काम भागायला हवं. भागत नाही, कारण ते तीन-चार एमबीपीएस सलग येत नाहीत. सूनबाईंना त्यांच्या लॅपटॉपवरून घरच्या राउटरलाच, म्हणजे नेटवाल्याच्या डब्यालाच, पिंग लावायला सांगा (पिंग म्हणजे हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं), बहुतेक घरांत तो पत्ता १९२.१६८.१.१ असतो. बाहेरच्या कुठल्या साइटला नको, घरातल्या डब्यालाच. चांगल्या वायफायवर उत्तर पाच-दहा मिलिसेकंदांत येतं. ते मधेच तीनशे, सातशे आणि मग 'टाइम आउट' असं उड्या मारत असेल, तर बंगळूर राहिलं दूर, तुमच्या स्वतःच्या वसरीपर्यंतच पोचताना गाडी अडकतेय. माझा अंदाज, तेच दिसेल.

आता भिंती. शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिलेला सल्ला आपल्याकडे का लागू पडत नाही, त्याचं उत्तर चिऱ्यात आहे. मलबारात अंगडीपुरमजवळ फ्रान्सिस ब्युकॅननने १८०७ साली या दगडाला 'लॅटेराइट' नाव दिलं, विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून, कारण तो खाणीतून मऊ निघतो, विटेसारखा कापता येतो आणि उघड्यावर कडक होतो. लोहाने भरलेला आणि स्पंजासारखा भोकाभोकांचा. जुन्या घरांत त्याची भिंत दीड-दोन फूट जाड, मधे माती, वरून चुना. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि ही भिंत तो पिते. वायफायच्या लहरींना पाण्याचं वावडं. त्यामुळे एप्रिलमध्ये बसवून 'झकास चाललंय' म्हणालेला माणूस जुलैत फोन करतो. यात जादूटोणा काही नाही, भिंत ओली झालेली असते.

तुमच्या मापाच्याच एका घरात मी घेतलेले आकडे वहीत आहेत. डब्यासमोर सिग्नल उणे ४२, पहिल्या भिंतीपलीकडे उणे ६३, दुसऱ्या भिंतीपलीकडे उणे ८०. हे डीबीएमचे, म्हणजे सिग्नलची ताकद मोजण्याच्या मापाचे आकडे. यात दहाने घट म्हणजे ताकद एक दशांश. ४२ वरून ६३ म्हणजे सव्वाशेपट घट, एका भिंतीत. मीटिंगसाठी उणे ६७ च्या आत राहावं लागतं, ७५ ला रखडपट्टी सुरू होते, ८० ला फोन नुसतं चिन्ह दाखवतो. आणि हे आकडे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचे. दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याची लहर त्याच्या निम्म्याहून आखूड, साधारण साडेपाच सेंटिमीटर, ती वेगवान खरी पण चिऱ्यात तिचा जीव आधी जातो.

म्हणून तुमचा रिपीटर चालला नाही. तो नेमका मागच्या खोलीत लावलेला असणार, जिथे नेट नाही तिथे. सगळेच तसं करतात, मीही पहिल्या वर्षी केलंय. पण ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? शिवाय रिपीटर एकाच रेडिओवर वसरीशी बोलतो आणि त्याच रेडिओवर लॅपटॉपशी, एका वेळी एकाशीच. म्हणजे जे काही पोचलं त्याचं निम्मं तिथेच खर्ची पडलं.

मेशचं वेगळेपण इथे समजून घ्या. मेशमध्ये प्रत्येक डबा एकाच नावाचं वायफाय देतो, डबे एकमेकांना ओळखतात, फोन एका डब्याकडून दुसऱ्याकडे सहज सरकतो. चालवायला रिपीटरपेक्षा कितीतरी शहाणी वस्तू. पण डब्याकडून डब्याकडे माल जायला रस्ता लागतोच, त्याला बॅकहॉल म्हणतात. दुकानदार डबे विकतो. रस्ता कुणी विकत नाही, कारण तो घरागणिक वेगळा. तुमच्या घरात डबे दोन की तीन याला दुय्यम महत्त्व आहे, ते एकमेकांशी भिंतीतून बोलणार की भिंत टाळून, यावर सगळं ठरणार. भिंतीतून बोलायला लावलंत तर महागडा मेश तुमच्या रिपीटरसारखाच वागेल, फक्त त्याचं ॲप सुंदर असेल.

भिंत टाळण्याच्या दोन वाटा तुमच्या घरात आहेत. एक लॅन केबलची. दुसरी राजांगणाची.

राजांगणाची आधी सांगतो, कारण ती फुकट आहे आणि ती वापरलेली मी क्वचितच पाहिली आहे. तुमच्या चारही बाजूंच्या खोल्यांची दारं-खिडक्या चौकाकडे उघडतात. मोकळ्या हवेत सात-आठ मीटर म्हणजे वायफायला काहीच नाही. पहिला डबा माजघराच्या चौकाकडच्या दारावर, सात फुटांवर. दुसरा बरोबर समोर, मागच्या पडवीत, तितक्याच उंचीवर. मधे तुळशी वृंदावन असेल, त्याच्या डोक्यावरून एकमेकांना दिसतील इतकं वर बसवायचं, म्हणजे चिऱ्याची एकही भिंत आड येत नाही. लाकडी फळीची खिडकी रात्री बंद केली तरी मोठा फरक पडत नाही. चौकावर पावसासाठी पत्रे टाकले असतील तरी हरकत नाही, लहर आडवी जाते.

एक गोष्ट मात्र पाहा: खिडक्यांना डासांची जाळी कसली आहे? फायबरची असेल तर ठीक. स्टीलची बारीक जाळी असेल तर ती लहरी चांगल्याच अडवते. बांदोड्याला एका घरात मी दोन तास चॅनेल बदलत बसलो होतो, मग घरातल्या आजीने विचारलं, 'ही जाळी काढून बघितलीस काय रे?' मेशला जाळीनेच अडवलेलं. तेव्हापासून आधी खिडकीला हात लावून बघतो.

पण यासाठी नेटवाल्याचा डबा आधी टीव्हीमागून निघायला हवा. टीव्हीचा मागचा भाग धातूचा, बाजूला लोखंडी कपाट, वर कोपरा: वायफायसाठी याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही. फायबरची वायर बारीक असते, वसरीतून माजघरात आणायला नेटवाल्याचा माणूस अर्ध्या तासात आणतो. तिला काटकोनात मोडू देऊ नका, मुठीएवढ्या गोलाईत वळवायची. ही एवढी हलवाहलव करून आधी पुन्हा मोजा. दहापैकी दोन घरांत तेवढ्यावरच काम भागतं आणि माझी मजुरी बुडते.

तुमचं भागणार नाही असं मला वाटतं, कारण सूनबाईंचं काम रोज आठ तासांचं आहे. पाहुण्यांच्या रीलसाठी राजांगणाची वाट पुरेल. नोकरीसाठी मी केबलच ओढतो. मागच्या डब्याला केबल मिळाली की भिंत, पाऊस, जाळी, शेजाऱ्याचं वायफाय, सगळ्यांचा विषय संपला.

जुन्या घरात केबल ओढणं लोकांना वाटतं तितकं अवघड नाही, उलट स्लॅबच्या फ्लॅटपेक्षा सोपं. तुमच्या घरात खोल्यांच्या भिंती कौलांपर्यंत गेलेल्या नसतील, वर माळ्यावरून सलग जागा असेल. वाशांच्या कडेने, अर्धा-पाऊण इंची पीव्हीसी पाइपातून केबल न्यायची. पाइप हवाच, कारण माळ्यावर उंदीर आणि खारी असतात आणि त्यांना केबलचं आवरण फार आवडतं. विजेच्या वायरीपासून फूटभर अंतर ठेवायचं. केबल 'कॅट सिक्स' प्रतीची, शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात स्वस्तात मिळते ती बहुधा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. चाकूने तार खरवडली की आतून पांढरी दिसते. ती आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत सांध्यापाशी सडते. लांबीची काळजी नको, तांब्याच्या लॅनला १०० मीटरपर्यंत मुभा आहे, तुम्हाला तीसही लागणार नाहीत.

भिंतीला भोक पाडावं लागलंच तर चिरा मऊ, ड्रिल लोण्यासारखं जातं. पण मधली माती सुटून खाली पडते आणि बाहेरच्या बाजूला चुन्याचा मोठा टवका उडतो. म्हणून लांब बिट, हातोड्याचा झटका बंद करून, सावकाश. बाहेरच्या भिंतीतलं भोक नेहमी बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवायचं, आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोका द्यायचा. पाणी झोक्याच्या तळाशी गळून जातं, केबलवरून सरळ आत येत नाही. हा झोका न दिल्यामुळे पाणी केबल धरून थेट डब्यात उतरलेलं मी तीनदा पाहिलंय.

केबल जोडल्यावर मागच्या डब्याचं सेटिंगचं पान उघडून लिंक, म्हणजे केबलवरचा वेग, किती दाखवतोय ते बघा. १००० दाखवायला हवं. १०० दाखवत असेल तर आठांपैकी एखादी तार नीट दाबली गेली नाही, कारण १०० ला चार तारा पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० ला, आठही लागतात. किंवा डब्याचा पोर्टच १०० चा आहे. हे खरेदीच्या वेळीच पाहायचं. टीपी-लिंकचे डेको ई४ आणि डेको एम४ दिसायला भाऊ-भाऊ, पण ई४ चे पोर्ट १०० चे आणि एम४ चे गिगाबिट. तुमच्या आजच्या प्लॅनला दोन्ही चालतील, तरी पोर्ट गिगाबिटचाच घ्या.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांनी भुलू नका. 'एएक्स १८००' म्हणजे १८०० चा स्पीड नव्हे. २.४ चे ५७४ आणि ५ चे १२०१ यांची ती बेरीज, आणि एक फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. १२०१ मधलेही हातात साधारण निम्मेच पडतात, तेही त्याच खोलीत. तुमच्यासाठी वायफाय ६ चा, दोन पट्ट्यांचा साधा संच पुरे. तीन पट्ट्यांचे महाग संच डब्यांमधल्या बोलण्यासाठी एक रेडिओ राखून ठेवतात. केबल नसेल तिथे त्याचा खरा उपयोग होतो. केबल असेल तर ते पैसे वाया. वायफाय ७ साठी थांबू नका, तुमच्या भिंतींपुढे तोही तितकाच हतबल आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे एकत्र चालावेत म्हणून 'ईझीमेश' नावाचं प्रमाण २०१८ साली आलं खरं, पण मी अजून एकाच कंपनीचे डबे घेतो. भांडण झालं तर दोष कुणाचा ते तरी कळतं.

आणि हो, तिसरा डबा घरात नको. जास्त डबे म्हणजे जास्त चांगलं, हा गैरसमज आहे. ताळगावात एका दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तीन डबे विकलेले होते, दर बारा फुटांवर एक. कुठल्या डब्याकडे जावं हे फोनला कळेना, डबे एकमेकांच्याच आवाजात आवाज मिसळत होते. दोन उचलून कपाटात ठेवले आणि तक्रार संपली. फ्लॅटच्या विटांच्या पातळ भिंतींना मधोमध एक बरा राउटर पुरतो. दुसरी गोष्ट, कुठल्या डब्याला चिकटायचं हे शेवटी फोन ठरवतो, मेश नव्हे. मेश फक्त सुचवतं. जुने फोन हट्टी असतात, स्वयंपाकघरात येऊनही वसरीतल्या डब्याचा पदर सोडत नाहीत. अशा वेळी डब्यांची ताकद 'हाय'वरून 'मीडियम' केली की फोन लवकर हात सोडतात.

आता गोठा. इथे माझी चूक सांगायची आहे. सावई-वेऱ्याच्या बाजूला एका कुळागरात (माडा-पोफळींच्या बागेत) घरापासून पंपाच्या खोलीपर्यंत मी चाळीस मीटर तांब्याची केबल झाडांवरून नेली होती. काम सुबक झालं, मालक खूश. मे महिन्याच्या शेवटी पहिला गडगडाट झाला आणि त्या रात्री दोन्ही टोकांचे डबे, मधला स्विच आणि नेटवाल्याच्या डब्याचा पोर्ट एका दमात गेले. वीज त्यांच्यावर पडलीही नव्हती, जवळपास कुठेतरी पडली. दोन इमारतींमधली लांब तांब्याची तार अँटेनासारखी झटका ओढून घेते. भरपाई मी दिली, देणं भागच होतं. तेव्हापासून दोन इमारतींमध्ये तांबं नाही, हा माझा नियम.

गोठ्यापर्यंत फायबर न्यायचा. पंचवीस-तीस मीटरची घरगुती फायबर केबल आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा सिग्नल लॅनमध्ये बदलणारे छोटे डबे), खर्च एका मेश डब्याच्या आसपास किंवा कमीच. काचेतून वीज जात नाही. एक लक्षात ठेवा: या केबलला आधारासाठी बाजूने स्टीलची तार असते. ती बाहेरच खांबाला किंवा खुंटीला बांधून तोडायची, घरात आणायची नाही, नाहीतर सगळा उद्देश फसला. गोठ्यात तिसरा डबा त्या फायबरवर. मग सून घरी, पाहुणे गोठ्यात, दोघांचा धक्का एकमेकांना नाही. मधल्या माडा-पोफळींतून वायफायनेच नेऊ का, असं काही जण विचारतात. उन्हाळ्यात चालतं. पावसात ओली पानं पाण्याच्या पडद्यासारखी आड येतात.

सेटिंगमध्ये वेळ घालवण्यासारखं थोडंच आहे, पण ते चुकलं की सगळं बिघडतं. मेशला 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये ठेवा, म्हणजे तो फक्त वायफाय देईल. राउटर मोडमध्ये नको. नेटवाल्याचा डबा आधीच राउटर आहे, घरात दोन राउटर झाले की ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसशी सुरक्षित जोडणी) रुसतं, आणि त्या डब्यावर लँडलाइन असेल तर ती हलवायला नको. मग नेटवाल्याच्या डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करा. हे विसरलं जातं आणि मग घरातले अर्धे फोन जुन्याच नावावर पडून राहतात.

२.४ चं चॅनेल १, ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. आपल्याकडे १२-१३ ला परवानगी आहे, पण अमेरिकेतून आणलेल्या लॅपटॉपला ती दिसतच नाहीत. ५ मध्ये ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१. मधली ५२ पासून १४४ पर्यंतची चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेली आहेत. डबा ती घेण्याआधी किमान एक मिनिट कान देऊन बसतो आणि रडारचा भास झाला तरी लगेच सोडून अर्धा तास तिकडे फिरकत नाही. वास्कोच्या बाजूला एका घरात दिवसातून दोनदा नेट मिनिटभर जायचं, कुणाला कारण सापडेना. ४४ वर बांधून दिल्यावर थांबलं. कॅमेरे, जुना प्रिंटर, पाण्याच्या टाकीचा सेन्सर असल्या वस्तूंना २.४ चं वेगळं नाव द्या आणि त्यांच्या नावावर जलद रोमिंग (एका डब्याकडून दुसऱ्याकडे झटकन सरकण्याची सोय) बंद ठेवा.

चवथीचा विषय काढलात ते बरं केलं. त्या दिवसांत घरात चाळीसेक फोन येतील. एवढ्यांना नेटवाल्याचा डबा पत्ता देतो, अडचण त्याची नसते. हवा सगळ्यांची एकच, आणि कोपऱ्यातल्या कमकुवत सिग्नलवरचा एक फोन सावकाश बोलत सगळ्यांचा वेळ खातो. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क सुरू करा, त्याला स्पीडची मर्यादा घाला. सूनबाईंचा लॅपटॉप मागच्या डब्याच्या पोर्टला केबलनेच जोडा, मग माटोळीखाली (गणपतीवर फळा-फुलांनी सजवलेल्या चौकटीखाली) कितीही रील चालू देत. शिवाय चिऱ्याच्या घरात मोबाइलची रेंज बहुधा खिडकीपाशीच मिळते. फोनमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करून ठेवा, सगळ्या घरात फोन लागायला लागतील. माझ्या अनुभवात घरच्या वडीलधाऱ्यांना मेशचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो.

वीज. मेशची अडचण ही की जितके डबे तितके प्लग, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनवर सगळे डबे घ्या. पण इन्व्हर्टर बदलताना क्षणभराचा खंड पडतो, तेवढ्यानेही काही डबे पुन्हा सुरू होतात आणि दोन-तीन मिनिटं जातात. नेटवाल्याचा डबा आणि मागचा डबा, या दोघांना बारा व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा. डब्याचा अडॅप्टर किती व्होल्ट, किती अँपिअर हे मागच्या लेबलवर वाचून मगच घ्या. नऊ व्होल्टच्या डब्याला बारा देऊन जाळणारेही मला भेटलेत.

मेशचा डबा देवखोलीत किंवा तिच्या दारावर बसवू नका. तांत्रिक कारण काही नाही. आठवड्याभरात घरातलं कुणीतरी तो हलवतं आणि मग मला फोन येतो.

पैशांचं सांगायचं तर तीनाच्या ऐवजी दोन डब्यांचा संच घ्या, गोठ्यासाठी त्याच कंपनीचा एक सुटा. वाचलेले पैसे चांगली केबल, पाइप, कन्व्हर्टर आणि यूपीएसवर घाला. प्लॅन आहे तोच राहू दे. गणपतीनंतर कमी वाटला तर वाढवायला एक फोन पुरतो.

खरेदीच्या आधी एक काम करा. घराचा नकाशा वहीच्या पानावर काढा, कौलाखालची माळ्याची वाट त्यात दाखवा. अँड्रॉइड फोनवर कुठलंही वायफाय ॲनालायझर ॲप घ्या. आयफोन असेल तर ॲपलचं एअरपोर्ट युटिलिटी घेऊन फोनच्या सेटिंगमध्ये त्याचा वायफाय स्कॅनर चालू करा. प्रत्येक खोलीत, छातीच्या उंचीला, फोन अर्धा मिनिट स्थिर धरून आकडा लिहा, २.४ चा वेगळा आणि ५ चा वेगळा. राजांगणाच्या दोन्ही बाजूंना, वृंदावनाच्या वरच्या उंचीवर, स्टुलावर उभं राहून एकदा. तेव्हा कुणालातरी स्टूल धरायला सांगा. आणि हे रात्री, दारं-खिडक्या लावल्यावर करा, शक्यतो चांगला पाऊस पडून गेल्यावर. तो कागद मला पाठवा, मागचा डबा नेमका कुठे बसवायचा ते त्यावर खूण करून देतो.